पळणारे झोंबी आणि तोच मॉल: 'डॉन ऑफ द डेड'चा रिमेक आवडणाऱ्यांचं काही चुकतं का?

ड्युटी संपवून घरी आलेली नर्स ॲना गाढ झोपेत आहे. सकाळी बेडरूमच्या दारात शेजारची लहान मुलगी उभी दिसते. तिच्या तोंडाला रक्त लागलेलं आहे. ॲनाचा नवरा तिला सावरायला पुढे जातो आणि ती मुलगी त्याच्या मानेचा लचका तोडते. काही क्षणांत तो मरतो. मग उठतो आणि बायकोच्याच अंगावर धावून येतो. ॲना बाथरूमच्या खिडकीतून कशीबशी बाहेर पडते, गाडी काढते, तेव्हा कालपर्यंत शांत असलेली तिची कॉलनी उद्ध्वस्त झालेली असते.

झॅक स्नायडर दिग्दर्शित 'डॉन ऑफ द डेड' या २००४ सालच्या चित्रपटाची ही पहिली दहा-एक मिनिटं. झोंबीपटांची फारशी आवड नसलेला प्रेक्षकही इथे खुर्चीत सावरून बसतो. चित्रपट संपल्यावर अशा प्रेक्षकाचं मत साधारण असं असतं: सुरुवात जबरदस्त, मधे थोडा रेंगाळतो, शेवट अंगावर येतो, एकदा बघायला हरकत नाही.

हॉररच्या जुन्या चाहत्यांना मात्र हे मत खटकतं. कारण हा रिमेक आहे. याच नावाचा मूळ चित्रपट जॉर्ज रोमेरो यांनी १९७८ साली केला होता आणि त्याची गणना हॉररमधल्या सर्वांत महत्त्वाच्या चित्रपटांत होते. 'रिमेकमध्ये नुसती पळापळ आहे, मूळ चित्रपटात विचार होता,' असं चाहते म्हणतात.

मग खरं काय? मूळ चित्रपट न पाहता रिमेक आवडला, तर काही चुकलं का? आणि दोन्ही चित्रपटांत नेमका फरक काय आहे? जाणून घेऊया.

(सूचना: पुढे दोन्ही चित्रपटांच्या कथेतले महत्त्वाचे भाग आणि शेवट उघड केले आहेत.)

झोंबी आले कुठून?

'झोंबी' ही कल्पना कॅरिबियन बेटांमधल्या हैतीच्या लोकसमजुतींतून आली. तिथला झोंबी माणसं खात नाही. जादूटोण्याने मेलेल्या माणसाला उठवून गुलामासारखं राबवलं जातं, अशी ती समजूत. १९३२ सालच्या 'व्हाइट झोंबी' या हॉलिवूडपटात असेच झोंबी होते.

आज आपण ज्याला झोंबी म्हणतो, म्हणजे मेल्यावर उठणारा, माणसांचं मांस खाणारा आणि डोक्यावर घाव घातल्याशिवाय न थांबणारा, तो रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) या कृष्णधवल चित्रपटातून पुढे आला. गंमत म्हणजे त्या चित्रपटात 'झोंबी' हा शब्दच वापरलेला नाही.

या चित्रपटाच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडली. वितरकांनी ऐन वेळी चित्रपटाचं नाव बदललं आणि नवं नाव टाकताना पडद्यावरची कॉपीराइटची सूचना गळून गेली. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात ती सूचना बंधनकारक होती. ती नसल्यामुळे चित्रपट प्रदर्शित होताक्षणीच सार्वजनिक मालकीचा झाला. कुणीही तो दाखवू शकत होतं, त्याच्या प्रती विकू शकत होतं. रोमेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं त्यात मोठं नुकसान झालं. पण चित्रपट जगभर पोहोचला आणि त्यातला झोंबी ही जणू सगळ्यांची मालमत्ता झाली. पुढे शेकडो चित्रपटांत तो दिसला, त्यामागे हेही एक कारण आहे.

मूळ चित्रपटात मॉलच का होता?

दहा वर्षांनी रोमेरो यांनी 'डॉन ऑफ द डेड' केला. त्यात चार जण टीव्ही स्टेशनच्या हेलिकॉप्टरमधून फिलाडेल्फियाहून पळ काढतात आणि एका मॉलच्या छतावर उतरतात. दोघे पोलिसांच्या विशेष पथकातले, एक टीव्ही स्टेशनमध्ये काम करणारी फ्रॅन्सीन आणि एक तिचा पायलट मित्र स्टीफन.

शूटिंग पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिल मॉलमध्ये झालं. हा खराखुरा, चालू असलेला मॉल होता. दिवसा तिथे गिऱ्हाइकं असायची आणि रात्री दुकानं बंद झाली की चित्रपटाची मंडळी कामाला लागायची. नाताळच्या दिवसांत तर मॉलभर सजावट असल्यामुळे शूटिंग थांबवावं लागलं होतं. मनरोव्हिल मॉल १९६९ साली सुरू झाला होता. म्हणजे एकाच छताखाली सगळी दुकानं असलेली ही अवाढव्य इमारत त्या भागातल्या लोकांसाठी अजून तशी नवलाईचीच होती.

चित्रपटातले झोंबी या मॉलमध्ये येत राहतात. का, याचं उत्तर एक पात्र देतं. त्याचा आशय असा की, त्यांच्या डोक्यात कसली तरी जुनी आठवण उरली आहे, जिवंतपणी ही जागा त्यांच्यासाठी महत्त्वाची होती. सरकत्या जिन्यांवर धडपडणारे, काचेला नाक लावून उभे राहिलेले हे मेलेले लोक बघून हसू येतं. थोड्या वेळाने लक्षात येतं की सुट्टीच्या दिवशी मॉलमधली गर्दी साधारण अशीच दिसते.

चौघे दारांसमोर ट्रक आडवे लावतात, आतले झोंबी संपवतात आणि अख्खा मॉल त्यांचा होतो. फुकटचे कपडे, घड्याळं, बंदुका, खाणंपिणं, काय हवं ते. काही दिवसांनी मात्र उरलेल्या तिघांना कंटाळा येऊ लागतो. सगळं मिळालेलं असतं आणि करण्यासारखं काही उरलेलं नसतं. पुढे मोटारसायकलवरची एक टोळी मॉल लुटायला येते. खरं तर तेव्हा लपून राहता आलं असतं. पण स्टीफनला हा मॉल आता 'आपला' वाटू लागलेला असतो. तो गोळी झाडतो आणि सगळ्याचा विचका होतो. शेवटी झोंबी झालेला स्टीफनच इतर झोंबींना लपण्याच्या जागेपर्यंत घेऊन येतो. कारण त्याच्याही डोक्यात आठवण उरलेली असते.

रिमेकने काय ठेवलं, काय बदललं?

स्नायडर यांचा हा पहिलाच चित्रपट. त्याआधी ते जाहिराती करत. पटकथा जेम्स गन यांची होती, ज्यांनी पुढे 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' केला. मूळ चित्रपटाचे निर्माते रिचर्ड रुबिनस्टीन रिमेकच्याही निर्मात्यांत होते.

मूळ कल्पना तीच राहिली. जग कोसळतंय आणि काही अनोळखी माणसं मॉलमध्ये अडकली आहेत. बाकी बरंच बदललं.

पात्रं वाढली: चौघांच्या जागी डझनाहून अधिक माणसं आली. नर्स ॲना (सारा पॉली), पोलीस केनेथ (व्हिंग रेम्स), टीव्ही विकणारा मायकल (जेक वेबर), गरोदर बायकोला घेऊन आलेला आंद्रे, मॉलचे आडमुठे सुरक्षारक्षक आणि नंतर ट्रकमधून आलेले आणखी काही जण.

संसर्गाचा नियम बदलला: रोमेरो यांच्या जगात कुठल्याही कारणाने मेलेला माणूस उठतो. रिमेकमध्ये चावा बसलेलाच माणूस उठतो. म्हणजे शापासारखी असलेली गोष्ट इथे साथीच्या रोगासारखी होते.

लांबी कमी झाली: मूळ चित्रपट अमेरिकेत दोन तासांहून थोडा मोठा होता. थिएटरमध्ये आलेला रिमेक पावणेदोन तासांच्या आत संपतो.

मॉलही बदलला: रिमेकचं शूटिंग कॅनडात, टोरांटोजवळच्या थॉर्नहिलमध्ये झालं. तिथला मॉल बंद पडलेला होता. त्यात पडद्यासाठी खोटी दुकानं उभारली गेली. १९७८ साली मॉल नवा होता म्हणून त्यावर टीका करण्यात धार होती. २००४पर्यंत मॉल इतका रोजचा झाला होता, की काही मॉल जुने होऊन पाडायलाही निघाले होते. त्यामुळे रिमेकमध्ये मॉल हा विषय राहत नाही. भक्कम दारं आणि भरपूर सामान असलेली ती एक सोयीची जागा आहे, एवढंच.

आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे झोंबी पळायला लागले.

झोंबी पळाले तर एवढं काय बिघडतं?

वरवर पाहता हा बालिश वाद वाटेल. मुळात मेलेला माणूस उठतो हेच खोटं, मग तो चालतो की पळतो याने काय फरक पडतो? रोमेरो यांना मात्र ते मान्य नव्हतं. मेलेलं शरीर असं धावायला लागलं तर त्याचे घोटेच मोडतील, असं ते गमतीने म्हणत. त्यांच्या 'डायरी ऑफ द डेड' (२००७) मध्ये या मुद्द्यावर एक विनोदही आहे.

पळणारे झोंबी स्नायडर यांनी शोधले असंही नाही. 'रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' (१९८५) मध्ये ते पळत होते. डॅनी बॉयल यांच्या '२८ डेज लेटर' (२००२) मध्ये संसर्ग झालेली माणसं सुसाट धावतात, पण ती मेलेली नसतात. १९६८च्या चित्रपटात कब्रस्तानात दिसणारा पहिला झोंबीही बऱ्यापैकी भरभर चालतो.

खरा मुद्दा वेळेचा आहे. झोंबी सावकाश चालत असेल, तर माणसाला विचार करायला वेळ मिळतो. १९७८च्या चित्रपटात पात्रं झोंबींच्या मधून वाट काढत निघून जातात, त्यांची टिंगल करतात. धोका असतो तो संख्येचा आणि माणसाच्या बेफिकिरीचा. रॉजर नावाचा पोलीस ट्रक लावण्याच्या कामात चेव चढून बेभान होतो, विसरलेली बॅग आणायला परत जातो आणि चावा बसतो. तो झोंबीच्या वेगामुळे मरत नाही, स्वतःच्या मस्तीमुळे मरतो. सावकाश चालणारा झोंबी माणसाला चूक करायला पुरेसा वेळ देतो.

पळणारा झोंबी हा वेळच काढून घेतो. दार लावायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला की संपलं. तिथे माणूस चांगला की वाईट, लोभी की समाधानी, याला फारसा अर्थ राहत नाही. जो चपळ आणि नशीबवान, तो वाचतो. आपली सकाळ नेहमीसारखी सुरू होईल आणि काहीही कळायच्या आत सगळं संपलेलं असेल, ही त्या चित्रपटातली भीती आहे.

म्हणून हे दोन चित्रपट एकाच गोष्टीच्या दोन आवृत्त्या म्हणून पाहिले तर गोंधळ होतो. पहिला विचारतो: सगळं मिळाल्यावर माणूस काय करतो? दुसरा विचारतो: एका क्षणात सगळं गेल्यावर माणूस काय करतो? चाहत्यांना पहिला प्रश्न रिमेकमध्ये सापडत नाही, ही त्यांची तक्रार खरी आहे. साध्या प्रेक्षकाला दुसरा प्रश्न भिडतो, हेही तितकंच खरं आहे.

रिमेक कुठे जमतो?

पहिलं, सुरुवात. तिची तयारी बारकाईने केलेली आहे. हॉस्पिटलमध्ये चाव्याच्या जखमेचा एक पेशंट येऊन गेल्याचं ॲनाच्या कानावर पडतं, पण ती घरी जायच्या घाईत आहे. टीव्हीवर तातडीची बातमी येते, तेव्हा नवरा-बायको आत अंघोळीला गेलेले असतात. आपल्याला धोका दिसतो, त्यांना दिसत नाही. त्यामुळे सकाळचा हल्ला अचानक असूनही उपरा वाटत नाही.

दुसरं, अँडी. मॉलसमोरच्या बंदुकांच्या दुकानाच्या छतावर हा एकटा माणूस अडकलेला आहे. मधे हजारो झोंबी. केनेथ आणि तो पाट्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून एकमेकांशी बोलतात, लांबून बुद्धिबळ खेळतात. एकही वाक्य न बोलता जमलेली ही मैत्री चित्रपटातलं सर्वांत माणुसकीचं नातं आहे. अँडी हळूहळू उपाशी मरतोय हे दिसत असतं, म्हणून त्याच्यापर्यंत डबा पोहोचवण्याची धडपड नुसती ॲक्शन राहत नाही.

तिसरं, फ्रँकचा प्रसंग. चावा बसलेला हा माणूस आपल्या तरुण मुलीसोबत मॉलमध्ये पोहोचतो. तो अजून जिवंत आहे, शुद्धीत आहे, बोलतोय. पण तो मरणार आणि मग उठणार, हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. मायकलचं म्हणणं, त्याला आत्ताच संपवावं. नर्स असलेली ॲना त्याला कडाडून विरोध करते. शेवटी फ्रँक मुलीचा निरोप घेतो आणि एका खोलीत केनेथ बंदूक घेऊन त्याच्यासमोर शांत बसून राहतो. वाट बघत.

२००४ साली हा प्रसंग निव्वळ काल्पनिक होता. २०२०नंतर तो तसा राहिलेला नाही. 'विलगीकरण' हा शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात पोहोचला. आपल्याच माणसाला वेगळ्या खोलीत ठेवायचं, दाराबाहेर ताट सरकवायचं, शेवटचं बघायलाही मिळेल की नाही याची खात्री नाही, हे अनेकांनी अनुभवलं. आज हा चित्रपट पहिल्यांदा बघणाऱ्याला फ्रँकचा प्रसंग रक्तपातापेक्षा जास्त हलवून जातो, तो यामुळे. रोमेरो यांच्या चाहत्यांनी 'विचार नाही' म्हणून मोडीत काढलेल्या रिमेकमध्ये विचार आहे. फक्त तो मॉलबद्दल नाही, आजारी माणसाशी बाकीच्यांनी कसं वागायचं याबद्दल आहे.

आणि कुठे फसतो?

माणसं फार आहेत. काहींची नावं लक्षात राहण्याआधीच ती मरतात, त्यामुळे त्यांच्या जाण्याचं काही वाटत नाही. गरोदर बाईची उपकथा धक्का देण्यासाठीच घातल्यासारखी आहे. छतावरून प्रसिद्ध व्यक्तींसारख्या दिसणाऱ्या झोंबींना टिपण्याचा खेळ पात्रं खेळतात. हा प्रसंग मजेदार म्हणून येतो आणि निघून जातो. कालपर्यंत माणसं असलेल्यांची शिकार करताना आपण हसतोय, हा प्रश्न तिथे उभा राहू शकला असता. मूळ चित्रपट तिथे थांबला असता. रिमेकला थांबायला वेळ नाही.

शेवट मात्र धाडसी आहे. वाचलेली माणसं बोटीने निघतात आणि चित्रपट संपला असं वाटतं. मग श्रेयनामावलीच्या मधेमधे त्यांच्या कॅमेऱ्यातली दृश्यं येत राहतात: संपत आलेलं खाणं, एक बेट, आणि त्या बेटावरून धावत येणारे झोंबी. नावं सुरू झाली म्हणून उठलेला प्रेक्षक खरा शेवट चुकवतो. मूळ चित्रपटात पीटर आणि फ्रॅन्सीन थोड्याशा इंधनावर हेलिकॉप्टरने निघून जातात. पुढे काय, ते सांगितलेलं नाही, पण आशेला जागा आहे. रिमेक तीही ठेवत नाही.

समीक्षक आणि प्रेक्षकांचा कौल काय होता?

समीक्षक रॉजर इबर्ट यांनी मूळ चित्रपटाला चारपैकी चार स्टार दिले होते, रिमेकला तीन. मार्च २००४ मध्ये प्रदर्शित झालेल्या रिमेकने पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट'ला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं. सुमारे २.६ कोटी डॉलरच्या खर्चात बनलेल्या या चित्रपटाने जगभरात १० कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली.

त्याचा एक फायदा रोमेरो यांनाही झाला. झोंबीपट पुन्हा चालतात हे दिसल्यावर स्टुडिओंचा उत्साह वाढला. रिमेकचं वितरण करणाऱ्या युनिव्हर्सलनेच पुढच्या वर्षी रोमेरो यांचा 'लँड ऑफ द डेड' (२००५) प्रदर्शित केला. त्यात झोंबी अर्थातच सावकाश चालत होते.

मराठी प्रेक्षकाने हे का लक्षात घ्यावं?

कारण हाच वाद आपल्याकडेही झालेला आहे. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'चा (२०१६) हिंदी रिमेक 'धडक' (२०१८) आला, तेव्हा मूळ चित्रपटाचा कणा असलेला जातीचा प्रश्न पातळ झाला, अशी टीका झाली. 'सैराट' न पाहिलेल्या प्रेक्षकाला मात्र 'धडक' ही एक प्रेमकथा म्हणून चाललीही. रिमेक बघताना 'काय वगळलं' हे विचारावंच लागतं. त्यासोबत 'त्याजागी काय आणलं' हेही विचारलं, तर निकाल जास्त न्याय्य लागतो. स्नायडर यांनी मॉलवरची टीका काढली, पण रिकाम्या जागेत वेगळी भीती आणली. प्रत्येक रिमेकबद्दल असं म्हणता येत नाही.

गोष्ट आपली करून घेण्याचा आणखी एक मार्ग आहे. राज आणि डीके यांच्या 'गो गोवा गॉन' (२०१३) मध्ये गोव्याजवळच्या बेटावरच्या पार्टीत ड्रग घेतलेली माणसं झोंबी होतात. आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' (२०२२) तर थेट डोंबिवलीत घडतो. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या या चित्रपटात उंच इमारती आणि शेजारची वस्ती यांच्यातली दरी आहे, पाण्याचा प्रश्न आहे. हे दोन्ही रिमेक नाहीत. पण आपल्या अवतीभोवतीचं दुखणं झोंबीच्या आडून दाखवायचं, ही रोमेरो यांची रीत 'झोंबिवली'त स्पष्ट दिसते.

मग आधी कोणता पाहावा?

झोंबीपट फारसे पाहिले नसतील, तर आधी रिमेक पाहायला हरकत नाही. त्याचा वेग आजच्या प्रेक्षकाच्या सवयीचा आहे आणि मूळ चित्रपट माहीत नसल्यामुळे कुठे अडत नाही. नंतर १९७८चा पाहावा. त्यातला निळसर-करडा मेकअप आज बाळबोध वाटेल, रक्त लाल रंगासारखं दिसेल, आणि पहिल्या तासाभरात 'हे झोंबी इतके हळू का?' असंही वाटेल. पण मॉल जिंकून झाल्यावर उरलेल्या तिघांच्या चेहऱ्यावर जो कंटाळा येतो, तिथे या चित्रपटाची भीती सुरू होते.

हॉरर अजिबात झेपत नसेल, तर दोन्ही टाळलेले बरे. दोन्हींत रक्तपात भरपूर आहे आणि दोन्ही लहान मुलांसोबत बघण्यासारखे नाहीत. रिमेक बघणार असाल, तर नावं संपेपर्यंत उठू नका.